उजवीकडून खोडताना

गणिताच्या निवृत्त शिक्षिका कुसुमताई हल्ली विसरू लागल्या होत्या. नवं आधी जातं, असं डॉक्टर म्हणाले होते. आज हडपसरहून लेक स्वराली आली, तर त्यांना नातीचं नाव आठवेना. स्वरालीचे डोळे भरून आले.

कुसुमताईंनी वर्तमानपत्राच्या कडेला शांतपणे ७३९३९१३३ लिहिलं.

"ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. आता उजवीकडून एकेक आकडा खोड."

स्वराली खोडत गेली, मोबाईलवर तपासत गेली. दर वेळी उरलेली संख्याही मूळच निघाली. शेवटी सात उरला.

"मीही अशीच जाईन. उरेन तेवढी तुझी आईच असेन."

"आणि सातही गेला तर?"

कुसुमताईंनी पेनाला टोपण लावलं.

"मग मी कोण ते तू सांगायचंस. आत्तापासून पाठ कर."