आपोआप लिहिलेला केसपेपर

आचऱ्याचा रविकांत बायकोला, शर्मिलाला, दवाखान्यात घेऊन आला तेव्हा तिचा डावा हात कोपरापर्यंत सुजला होता. डॉक्टरबाईंच्या टेबलावर एक छोटं यंत्र होतं. खोलीतलं बोलणं ऐकून ते केसपेपर आपोआप लिहितं, असं बाईंनी सांगितल्यापासून रविकांत त्याच्याकडे संशयाने बघत होता.

"न्हाणीत पाय घसारलो तिचो," तो म्हणाला. कधी पडली, कशी पडली, कुठे दुखतं, सगळं त्यानेच सांगितलं. शर्मिला खाली मान घालून बसली होती.

बाईंचं विचारून झाल्यावर तो म्हणाला, "ह्या यंत्रान काय लिवल्यान, ता माका दाखवा. भलतासलता नको."

बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. त्याने बोट फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक ओळ वाचली.

"बरोबर आसा," तो म्हणाला आणि निर्धास्तपणे मागे टेकला.

मग बाईंनी वाचलं. त्यांनी रविकांतला बाहेर बसायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि आपली खुर्ची शर्मिलाजवळ ओढली.

केसपेपरची शेवटची ओळ होती:

"पेशंटला सात प्रश्न विचारले. सातही उत्तरं नवऱ्याने दिली."