एकतीस टक्के विश्व

आकाशगंगांचे थवे मोजले की अख्ख्या विश्वात द्रव्य किती आहे ते काढता येतं, असं दक्षताने जिताड्याचा काटा काढता काढता सांगितलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धाकूने लेकीच्या कामासाठी ताटावरून मान वर केली.

"थवे? आपल्या मासलीसारखं?"

"तसेच, बाबा. पण समोर दिसते म्हणून प्रत्येक आकाशगंगा त्या थव्यातली नसते. उपऱ्या वेगळ्या काढायच्या, मग थव्याचं वजन करायचं. असे भारी थवे किती सापडतात, त्यावरून सगळ्या विश्वाचा अंदाज येतो."

तानाजी बहिणीकडे कौतुकाने बघत होता. कौतुक खरं होतं, आणि सोयीचंही. त्याची लेक प्राप्ती यंदा दहावीला. चाचणीत चौसष्ट टक्के पडले म्हणून माजिवड्याच्या क्लासवरून येताना त्याने तिला रिक्षातच फैलावर घेतलं होतं. "मला अठ्ठ्याऐंशी होते. तरी घरासाठी होडीवर गेलो, म्हणून तुझी आत्या शिकली." हे तो तिला लहानपणापासून ऐकवत आला होता. होडीवर तो गेला होता, एवढं खरं होतं. पोर मात्र सगळंच खरं मानून मैत्रिणींना सांगत फिरायची.

"आत्या, मग द्रव्य किती निघालं?" प्राप्तीने विचारलं.

"एकतीस टक्के."

धाकूचा घास हातातच राहिला. "यकतीस? पास व्हायला तं पस्तीस लागतान! तुजं विश्व नापास झालं गो!"

दक्षता खळाळून हसली. प्राप्तीही हसली. म्हातारा आणखी रंगात आला.

"आपल्या तान्यासारखं! यालाबी दहावीला यकतीसच परलं व्हतं."

प्राप्ती हसता हसता थांबली.

 तानाजीने बहिणीकडे पाहिलं. 'बाबांचं काहीतरीच, तो दुसरा कोणी,' एवढं ती म्हणाली असती तरी म्हाताऱ्याच्या विसराळूपणावर सगळं खपून गेलं असतं. नापास झालो हे पोरीला सांगितलेलं नाही, जपून बोल, असं त्याने तिला दारातच हात जोडून विनवलं होतं. पण आज बापाला तिचं काम कळलं होतं. त्यावर त्याने विनोदसुद्धा केला होता. आनंदाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अगदी तेवढेच, बाबा!" ती मांडीवर थाप मारून म्हणाली. "तंतोतंत!"

तानाजीने भात कालवायला घेतला. ताटातलं कालवण कधीच संपलं होतं. तो कोरडाच भात कालवत राहिला.

"पप्पा, मग अठ्ठ्याऐंशी कोणाला होते?"

 दक्षता अजून ओढणीने डोळे पुसत होती.

"अठ्ठ्याऐंशी?" ती हसतच म्हणाली. "अगं, ते माझे."