साठच्या आत

आता काटा बसवायचा तेवढा राहिला होता.

सकाळी जेवणाच्या टेबलावर मुलीनं गाडीचं मीटर उघडून आतला निसटलेला सांधा डाग देऊन जोडला होता. मेकॅनिकच्या मते सगळं मीटरच बदलायला हवं होतं. तिनं ते मनावर घेतलं नव्हतं. मीटर गाडीत परत जोडून तिनं किल्ली फिरवली, तर कित्येक महिने काळीठिक्कर पडलेली मधली पट्टी उजळली. किलोमीटरचे आकडे ठसठशीत दिसू लागले.

"आला का गं जीव?" शेजारच्या सीटवरून आईनं विचारलं. तिच्या मांडीवर स्क्रूंची वाटी होती.

"आला. काटा लावला की झालं."

बाबा गेल्यापासून गाडी जागची हलली नव्हती. आज आई आपणहून येऊन नेहमीच्या जागी बसली होती, आणि नेहमीसारखीच मीटरकडे नजर लावून. गाडी घेतली त्याच दिवशी तिनं बाबांना गळ्याची शपथ घातली होती, मी बरोबर असताना साठच्या वर जायचं नाही. तेव्हापासून दर प्रवासात तिचा काट्यावर पहारा असायचा. भेटायला येणाऱ्यांना ती बाबांबद्दल एवढंच सांगायची, साठ म्हणजे साठ, माणूस कधी माझ्या शब्दाबाहेर गेला नाही. मामा तेवढा कोड्यात पडायचा. आईबाबांच्या आधी निघूनही तो घरी पोचेपर्यंत ही दोघं हातपाय धुऊन बसलेली असायची. तू वाटेत चकाट्या पिटत बसतोस, असं आई त्याला ऐकवायची.

मुलीनं काटा उचलला आणि तबकडीवर वाकली. मधोमध, काट्याच्या टोपीखाली एरवी झाकल्या जाणाऱ्या जागेत, पेन्सिलीच्या दोन बारीक रेघा होत्या. सकाळी काटा काढतानाही त्या तिला दिसल्या होत्या. बाबांनी हे कधीतरी उघडलं असणार, एवढंच तेव्हा मनात आलं होतं. काहीही सोडवण्याआधी खूण करून ठेवायची त्यांची शिस्तच होती. एक रेघ शून्याच्या दिशेनं होती. दुसरी तिच्या जरा खाली, जिथं काटा इतकी वर्षं पडून असायचा. गाडी उभी असताना हा शून्याच्याही खाली का जातो, असं तिनं लहानपणी विचारलं होतं. दमलाय बिचारा, बाबा म्हणाले होते.

दोन रेघांमधलं अंतर तिनं आकड्यांवर ताडून पाहिलं. पंधरा. काटा साठवर असायचा तेव्हा गाडी पंचाहत्तरनं धावत असायची.

काटा चिमटीत धरून ती तशीच थांबली. खालच्या रेघेवर दाबला, तर सगळं होतं तसंच राहणार होतं. आईचा शब्द पाळणारा माणूसही. पण उद्यापासून गाडी तिला चालवायची होती.

"अडलं का काही?"

"नाही गं." तिनं काटा शून्यावर दाबून बसवला.

"खाली असायचा ना तो?"

"बिघडला होता."

आईनं मान डोलावली आणि तिच्या हातावर एकेक स्क्रू ठेवायला सुरुवात केली.

मीटर जागेवर बसल्यावर मुलगी म्हणाली की ती एक चक्कर मारून येते. आईनं घरात जाऊन पडावं असं तिला वाटत होतं. आई उतरली नाही.

मामाच्या गावाला जाणारा रस्ता गावाबाहेर पडला की सरळ आणि मोकळा होता. आईबाबा वर्षानुवर्षं याच रस्त्यानं गेले होते. मुलीनं वेग साठवर आणला आणि तिथंच धरून ठेवला. आईची नजर काट्यावर होती. मागून आलेला एक टेम्पो हॉर्न वाजवत पुढे निघून गेला.

"रांगतेयस का गं?" आई म्हणाली.

"साठ आहे. बघ की."

"बघतेय." आईनं सीटवर तळहात टेकला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. "हे साठ नाही. साठला खालून घरघर येते, पार पोटापर्यंत. मला साठ कळत नाही होय?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. टायर, रस्ता, काहीही. मुलीनं काटा साठवरच धरून ठेवला.

आईनं काट्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"बिघडला नव्हता ना तो?"

"नाही."

"ह्यांनी केलं होतं?"

"हो."

वाटीत दोन स्क्रू उरले होते, ते ती बोटानं इकडचे तिकडे करत राहिली. आता ती गाडी वळवायला सांगणार, असं वाटून मुलीनं पाय सैल केला. काटा साठच्या खाली उतरला.

"कमी नको करू," आई म्हणाली. "ह्यांच्या साठवर ने."

मुलीनं पाय दाबला. पासष्ट झाले, सत्तर झाले. मग सीटखालून बारीक घरघर सुरू झाली. तिनं शेजारी पाहिलं. आई मीटरकडे बघत नव्हती. मान वळवून ती खिडकीबाहेर बघत होती.

"इथं तळं आहे होय?" ती म्हणाली.