चौथी रेघ

म्हाताऱ्या ग्रंथपालाने भाचीच्या पत्राला उत्तर दिलंच नव्हतं. "मामा, तुमच्याकडे आता पूर येत नाही ना? सुट्टी लागली की बाळाला घेऊन राहायला येईन म्हणते. तुमचा नकार आला नाही, तर आम्ही निघालोच समजा." हो म्हणायलाही कचरणारा आणि नाही म्हणायलाही कचरणारा माणूस तो. पत्र पुस्तकात खुणेसारखं पडून राहिलं.

वाचनालयाच्या भिंतीवर तीन पुरांच्या तीन निळ्या रेघा होत्या. सगळ्यात वरच्या रेघेच्या पुरात त्याची बहीण, म्हणजे भाचीची आई, वाहून गेली होती. आज कुलूप काढून तो आत आला, आणि त्या रेघेच्याही वर, पार छताजवळ, त्याला चौथी दिसली.

त्याने त्या रेघा मारणाऱ्या रंगाऱ्याला बोलावून आणलं.

"वाचून वाचून डोळे गेले तुमचे, काका! भर उन्हाळ्यात मी कशाला रेघ मारतोय?" रंगारी हसतच शिडीवर चढला. त्याने रेघेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि त्याचं हसू मावळलं.

"काका, हा रंग नाही. गाळ आहे. ओला आहे अजून."

खाली उतरला तो शिडी तिथेच टाकून निघून गेला.

ग्रंथपालाने आयुष्यात पहिल्यांदा खाडाखोड न करता पत्र लिहिलं. "येऊ नकोस. बाळाला तर आणूच नकोस."

बाहेर रस्ता तव्यासारखा तापला होता. कोपऱ्यावरच्या पत्रपेटीचं तोंड धुळीने माखलं होतं. त्याने पाकीट आत सरकवलं आणि सोडून दिलं.

आतून, खूप खोलवरून, आवाज आला.

डुबुक्.