जयवंताआक्कांचा सत्कार

महिला दिनाला वडगावच्या मैदानावर जयवंताआक्कांचा सत्कार ठरला. एके काळी राज्याच्या संघातून बास्केटबॉल खेळलेली ही बाई गेली बारा वर्षं त्याच मैदानावर विणकरांच्या पोरींना फुकट शिकवत होती. त्या दिवशी ती पोचली, तर मांडवासाठी बास्केटचे दोन्ही खांब बुडातून कापलेले आणि तिच्या पोरी खेळाच्या कपड्यांतच पाहुण्यांना चहा वाटतायत. तिच्या डोक्यात सणक गेली.

"खांब कुठं गेलं, आप्पा?" स्टेजवर चढताच तिनं सत्कार ठेवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं.

"भंगारात घातलं. उद्यापासनं हितं गाड्या लावायची सोय करणार हाय." शाल उलगडत अध्यक्ष हसले. "तुम्ही पोरींसाठी लई केलंसा. आता आराम करा की."

आक्कांनी शाल हातानं बाजूला सारली आणि माइक ओढून घेतला.

"मंजुश्री, तो ट्रे खाली ठेव. सगळ्याजणी ठेवा गं! उद्या सकाळी साडेपाचला चेंडू घेऊन हितंच यायचं. खांब न्हाईत तर न्हाईत, मी हात वर करून उभी ऱ्हाते. गाड्या कशा आत येत्यात, तेच बघू."