आरोपी वेदांत

“आरोपी वेदांत माधव सबनीस याने सैन्यभरतीला साफ नकार दिला आहे!” माधवने डायनिंग टेबलावर पळी आपटली. कॉलेजात एकांकिकांमधून त्याने भरपूर वकिली केली होती. ती आता सिंगापुरात, बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये कामी येत होती.

“हळू. खालचे आजोबा वर येतील,” विभा म्हणाली. ती बचाव पक्षाची. न्यायमूर्ती म्हणून वरच्या मजल्यावरचे भीमराव चहाचा कप घेऊन बसले होते.

“इथलेच होऊन राहायचं तर भरती. नाही म्हटलं तर खटला, तुरुंग,” माधव म्हणाला. “नाहीतर सरळ पुणं.”

“मुलींना माफ, मग मुलग्यांनाच ही सक्ती का?” विभाचा आवाज चढला. “आणि तुरुंगात? माझ्या वेदांतला मी एक रात्र एकटं सोडणार नाही!”

आरोपी गप्प होता. दाढीमिशीचा पत्ता नव्हता, पण हट्टीपणा थेट सासूबाईंचा, असं विभाचं ठाम मत.

“आरोपीला काही म्हणायचंय?” भीमरावांनी विचारलं.

“लाथा मारू नकोस रे!” विभा कळवळली.

“बघा! नकारच!” माधव नाचायचाच काय तो बाकी होता. “ठरलं. पुणं!”

“अहो माधवराव, उद्या त्या बाई काय म्हणतात ते तरी ऐका.”

“त्या काय वेगळं सांगणार, भीमराव? आमच्या घराण्याचा इतिहास मला ठाऊक आहे.”

सकाळी उठल्या उठल्या माधवने राजीनामा पाठवून दिला. सेरंगूनला घ्यायचं ठरलेल्या नव्या फ्लॅटलाही फोनवरून नकार कळवला. मुलासाठी असं काही करायला छाती लागते, हे त्याने विभाला एमआरटीच्या गाडीत तीनदा ऐकवलं. तिचेही डोळे भरून आले.

नाव पुकारलं गेलं. आत गारठा होता. विभाने माधवचा हात घट्ट धरला. बाईंनी चष्मा सारखा केला आणि समोरच्या स्क्रीनकडे बघत राहिल्या.

माधवला राहवेना. “मॅडम, काय असेल ते स्पष्ट सांगा. आमची तयारी आहे.”

बाईंनी विभाच्या पोटावरून यंत्र उचललं आणि हसून खास सिंगापुरी हेलात म्हणाल्या,

“रिलॅक्स, ला! बेबी गर्ल.”