हरणाऱ्याचा चहा

टेनिसच्या सामन्यावर पैज लावायची आणि हरेल त्याने सकाळचा चहा करायचा, हा यशवंतरावांच्या घरचा नियम. ते लॅपटॉपमध्ये खेळाडूंचे जुने आकडे भरत. कोण जिंकेल ते टक्क्यांत समोर येई. तो खेळाडू त्यांचा, उरलेला हेमलताबाईंचा. ‘त्यालाही आई असेलच की,’ म्हणत बाई त्याच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवत आणि हरत.

बाईंचं मनगट मोडलं, तेव्हापासून मात्र यशवंतरावच हरू लागले. एरवी नवऱ्याची ओट्याशी लुडबुड बाईंनी खपवून घेतली नसती. पण पैज म्हणजे पैज.

आज ते चष्मा शोधायला आत गेले, तशी बाईंनी लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं. उंच खेळाडू, चौऱ्याऐंशी टक्के.

यशवंतराव परतले. “लॅपटॉप म्हणतो, बुटका जिंकणार. माझी पैज त्याच्यावर.”

बाईंनी प्लॅस्टरमधला हात पदराखाली घेतला. “आज माझीही त्याच्यावरच.”

“अगं, मग उंचाच्या बाजूने कोण?”

“त्याची आई आहे ना. आपण दोघं हरू. आलं तुम्ही किसा, गाळायला मी येते.”